कॉम्पोनेंट लायब्ररी काढायचीये? आधी बटनं मोजा

आमच्याकडे तीन ॲप होती. एक ग्राहकांचं, एक ऑफिसातल्या लोकांचं आणि एक फील्डवर फिरणाऱ्या पोरांच्या मोबाईलवरचं, तिन्ही रिॲक्टमध्ये (स्क्रीन बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी), तिन्हीवर वेगवेगळी माणसं, आणि "जतन करा" हे बटन तिन्हीत मिळून अकरा प्रकारचं. अकरा हा आकडा मी फेकत नाहीये, एका शनिवारी बसून सगळ्या स्क्रीनचे स्क्रीनशॉट काढले, बटनं कापून एका पानावर ओळीने चिकटवली आणि मोजली. निळ्याच्या चार छटा, कोपऱ्यांची गोलाई पाच तऱ्हेची, आणि एका ठिकाणी तर बटन म्हणून चक्क डिव्ह, म्हणजे साधा रिकामा डबा, वापरलेला, म्हणजे कीबोर्डवरून टॅब मारत गेलं तर त्यावर फोकस येतच नाही.

तर ज्यांना कॉम्पोनेंट लायब्ररी, म्हणजे बटन, इनपुट असे स्क्रीनचे तुकडे सगळ्या ॲपना एकाच ठिकाणाहून देणारा संच, काढायचीये त्यांनी पहिलं काम हेच करा, कोड नंतर. बऱ्याच टीम उलटं करतात, आधी लायब्ररीला भारी नाव शोधतात, लोगो करतात, चाळीस कॉम्पोनेंटची यादी काढतात आणि सहा महिन्यांनी बघावं तर त्यातली सातच कोणीतरी वापरतंय. माझा नियम असा की जी गोष्ट निदान तीन ठिकाणी तीन जणांनी तीन तऱ्हेने लिहिलीये तीच लायब्ररीत घ्यायची. दोनच ठिकाणी असेल तर कॉपी पेस्ट राहू दे, काही बिघडत नाही. आमची पहिली यादी पाचच होती, बटन, लेबलसकट टेक्स्ट इनपुट, सिलेक्ट, मोडल (पानावर उघडणारी खिडकी) आणि टोस्ट (क्षणभर दिसणारा निरोप). टेबल घ्यायचा मोह खूप झाला होता, घेतलं नाही, आणि आजही वाटतं बरं झालं.

डेट पिकर आणि शोधता येणारा ड्रॉपडाउन मात्र शून्यातून लिहायच्या भानगडीत पडू नका. बाणाची बटनं, एस्केप, स्क्रीन रीडरने (पडदा बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) काय वाचावं, मोबाईलवर कीबोर्ड उघडल्यावर यादी कुठे जावी, हे सगळं अडोबीच्या रिॲक्ट एरिया या तयार लायब्ररीने आधीच निस्तरून ठेवलंय, आपण वरून फक्त आपले कपडे चढवायचे.

सेटअप, पटकन

व्हीट या बिल्ड टूलला लायब्ररी मोड आहे तो घ्या, टाइपस्क्रिप्ट (प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट) घ्या, स्टोरीबुक (प्रत्येक कॉम्पोनेंट वेगवेगळ्या अवस्थेत, म्हणजे "स्टोरी"त, दाखवणारं टूल) टाका, झालं. एकच गोष्ट इथे चुकली की दोन दिवस जातात. रिॲक्ट आणि रिॲक्ट डॉम हे साध्या डिपेंडन्सीत न टाकता पीअर डिपेंडन्सीत (म्हणजे ॲपकडचंच वापरायचं) टाकायचे, आणि बिल्डच्या कॉन्फिगमध्ये एक्स्टर्नल (आपल्या बंडलमध्ये न घालायचे) म्हणून सांगायचे, जेएसएक्स रनटाइमसकट. नाहीतर ॲपचं एक रिॲक्ट आणि लायब्ररीच्या पोटातलं दुसरं, अशी दोन एका पानावर येतात आणि "इनव्हॅलिड हुक कॉल" असा एरर येतो. त्या एररमध्ये तीन संभाव्य कारणं लिहिलेली असतात आणि तिसरं कारण नेमकं हेच असतं, पण आपण पहिली दोन वाचूनच कोडमध्ये हुक शोधत बसतो. एनपीएम लिंक करून लायब्ररी ॲपमध्ये बघायला गेलात तरी हाच घोळ होतो बरं का.

रंग कॉम्पोनेंटच्या आत थेट लिहायचे नाहीत, सीएसएस व्हेरिएबल करायची आणि त्याचे दोन थर ठेवायचे. एक कच्चा थर, निळा ५००, लाल ६०० असा, आणि दुसरा कामाचा, म्हणजे "मुख्य बटनाची पार्श्वभूमी", "चुकीचा मजकूर" असा. कॉम्पोनेंटने फक्त दुसऱ्या थराशी बोलायचं, मग डार्क मोडच्या वेळी कॉम्पोनेंटला हात लावायला लागत नाही. आणि इथेच एक छोटी टेस्ट लिहून टाका जी मजकूर आणि पार्श्वभूमीच्या प्रत्येक जोडीचा कॉन्ट्रास्ट मोजेल, डब्ल्यूसीएजी या ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुराला, इनपुटच्या कडेला ३ ला १. वीस ओळींची टेस्ट आहे पण डिझाइनवाल्यांशी होणारी अर्धी भांडणं तीच मिटवते.

अजून एक, लायब्ररीचं सगळं सीएसएस एका लेयरमध्ये (सीएसएसचा @layer) ठेवा. लेयरबाहेरचं साधं सीएसएस लेयरमधल्याला नेहमी हरवतं, त्यामुळे ॲपवाल्याला काही बदलायचं असेल तर "इम्पॉर्टंट" लावत बसावं लागत नाही. २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये हे चालतंय.

बटन, यावरच वेळ घालवा

बटन सोपं वाटतं म्हणून लोक अर्ध्या तासात उरकतात, पण लायब्ररीचे सगळे नियम बटनावरच ठरतात, पुढचे कॉम्पोनेंट त्याचीच नक्कल करतात.

पहिलं म्हणजे प्रायमरी, डेंजर, घोस्ट असे वेगवेगळे हो-नाहीवाले प्रॉप (कॉम्पोनेंटला बाहेरून द्यायची माहिती) करू नका. तीन असे प्रॉप म्हणजे आठ जोड्या होतात आणि त्यातल्या निम्म्या जोड्यांना काही अर्थच नसतो, प्रायमरी पण आणि घोस्ट पण असं बटन कसं दिसणार? एकच व्हेरियंट प्रॉप ठेवा आणि त्यात चालणारी नावं टाइपस्क्रिप्टमध्ये बांधून टाका, चुकीचं लिहिलं की एडिटरच ओरडेल.

दुसरं, टाइप. एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या आतल्या बटनाला टाइप दिला नाही तर तो आपोआप सबमिट असतो. आमच्या एका जुन्या फॉर्ममध्ये "रद्द करा" दाबलं की फॉर्म सबमिट व्हायचा, म्हणजे माणूस घाबरून रद्द करतोय आणि आपण त्याची ऑर्डर नोंदवतोय! कारण एवढंच, कॉम्पोनेंट लिहिणाऱ्याने टाइप दिला नव्हता. तो लिहिणारा मीच. म्हणून लायब्ररीच्या बटनात डीफॉल्ट टाइप "बटन" ठेवा, ज्याला सबमिट पाहिजे तो सांगेल.

तिसरं, लोडिंग. बटन दाबलं की आपण ते डिसेबल करतो आणि चक्र फिरवतो, पण डिसेबल केल्याबरोबर कीबोर्डवाल्याचा फोकस हरवू शकतो, आणि "जतन करा"च्या जागी नुसतं चक्र आलं की बटनाची रुंदी आकसते आणि शेजारचं बटन सरकून बोटाखाली येतं. त्यापेक्षा एरिया-डिसेबल्ड (बटन बंद आहे एवढंच स्क्रीन रीडरला सांगणारा ॲट्रिब्यूट) लावा, क्लिक आतल्या आत गिळून टाका, आणि मजकूर जागेवरच ठेवून फक्त पारदर्शक करा, चक्र त्याच्यावर. रुंदी हलत नाही.

चौथं, बाहेरचं मार्जिन. कुठल्याच कॉम्पोनेंटला स्वतःचं बाहेरचं मार्जिन नको. दोन गोष्टींमधलं अंतर हे त्या पानाचं काम आहे, बटनाचं नाही. हा एक नियम पाळला नाही ना, तर लोक लायब्ररीचं बटन घेतात आणि वर उणे मार्जिन लावून ठेवतात, मग तुम्ही पुढच्या व्हर्जनमध्ये मार्जिन काढलंत की वीस पानं विस्कटतात.

बाकी रेफ, क्लासनेम आणि उरलेले सगळे प्रॉप जसेच्या तसे आतल्या खऱ्या बटनापर्यंत पोचवा. रिॲक्ट १९ मध्ये रेफ साध्या प्रॉपसारखाच मिळतो, त्याआधीच्यावर असाल तर फॉरवर्ड रेफ लागेल.

आता मराठी घालून बघा

स्टोरीबुकमध्ये आपण काय करतो, "बटन", "हॅलो", "लोरेम इप्सम" असा इंग्रजी मजकूर टाकतो आणि सगळं सुंदर दिसतं. मग ॲप मराठीत जातं आणि पहिल्याच दिवशी फील्डवरच्या पोराचा फोटो येतो, वेलांटी कापलेली. त्यामुळे माझ्या मते आपल्याकडे बनणाऱ्या लायब्ररीत प्रत्येक कॉम्पोनेंटची एक मराठी स्टोरी असलीच पाहिजे, आणि तीही नेमका त्रास देणाऱ्या शब्दांची.

लाइन हाइट १ आणि ओव्हरफ्लो हिडन हे एकत्र आलं की "कीर्ती"मधला रफार आणि "कुटुंब"मधला उकार, दोन्ही जातात. आम्ही बटनालासुद्धा १.५ ठेवली आणि उंची आकड्यात बांधून न घालता पॅडिंगवर सोडली. लेटर स्पेसिंग इंग्रजी कॅपिटल अक्षरांना छान दिसतं पण देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात, दात पडल्यासारखं दिसतं, आणि कॅपिटल करायच्या सीएसएसचा तर आपल्या लिपीवर काही परिणामच नाही, त्यामुळे डिझाइनमध्ये "हेडिंग कॅपिटलमध्ये म्हणजे उठून दिसेल" असं असेल तर मराठीत ते उठून दिसत नाही, वजन वाढवायला लागतं.

मग अवतार, म्हणजे नावाचं पहिलं अक्षर गोलात. इंग्रजीतला पहिला कॅरेक्टर घ्यायचा कोड "श्रीकांत"ला "श" करतो आणि "प्रज्ञा"ला "प". यासाठी जावास्क्रिप्टमधला इंटल सेगमेंटर वापरायचा, तो अक्षर म्हणजे काय ते समजून तोडतो. पण गंमत अशी की २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षरं न तोडण्याचा नियम आला, त्याआधीच्या इंजिनात "श्री"चे "श्" आणि "री" असे दोन तुकडे पडतात. म्हणजे टेस्ट तुमच्या लॅपटॉपवर पास आणि जुन्या नोडच्या सीआयवर (कोड आपोआप तपासणारा सर्व्हर) फेल, असं होऊ शकतं, तेव्हा नोडचं व्हर्जन दोन्हीकडे एकच बांधून ठेवा.

इनपुटच्या मॅक्सलेंथचंही (किती अक्षरं टाइप करता येतील ती मर्यादा) तसंच. "क्षेत्रफळ" आपल्याला चार अक्षरं दिसतात, ब्राउझर नऊ मोजतो. खाली "अजून इतकी अक्षरं" असा काउंटर दाखवणार असाल तर निदान दोन्ही मोजणी एकाच पद्धतीने करा, नाहीतर काउंटर म्हणतो जागा आहे आणि इनपुट टाइप करू देत नाही.

आकड्यांच्या इनपुटमध्ये कोणी "१२" देवनागरीत टाकलं तर जावास्क्रिप्टचं नंबर त्याला नॅन, म्हणजे "हा आकडा नाही", म्हणतं, आणि रेगेक्समधला अंकांचा शॉर्टकट पण फक्त इंग्रजी अंकच ओळखतो. आधी अंक बदलून घेणारं एक छोटं फंक्शन इनपुटच्या आत ठेवा. उलट दाखवताना मात्र काम सोपं आहे, इंटल नंबर फॉरमॅटला मराठी लोकेल दिलं की १२,३४,५६७ असं लाखाच्या स्वल्पविरामासकट येतं.

सगळ्यात जास्त डोकं शोधवाल्या ड्रॉपडाउनने खाल्लं. गावांच्या यादीत "गोऱ्हे बुद्रुक" आहे, माणूस बरोबर तेच टाइप करतोय आणि "काही सापडलं नाही" येतंय. कारण हा अर्धा र दोन तऱ्हेने लिहिता येतो, एकात वेगळं ऱ हे अक्षर अधिक हलंत आणि दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे हा जोडणारा कॅरेक्टर, आणि कुठला कीबोर्ड यातलं काय देईल याचा नेम नाही. डोळ्याला एकच, कॉम्प्युटरला दोन. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) यातलं सगळं सरळ करत नाही, झेडडब्ल्यूजेवालं रूप आपणच बदलून घ्यायला लागतं, यादीतल्या नावांचंही आणि टाइप केलेल्याचंही.

आणि एंटर! फोनेटिक कीबोर्डवर शब्द पक्का करायला लोक एंटर मारतात, आपला कॉम्पोनेंट त्याच एंटरला फॉर्म सबमिट करतो. कीडाउनमध्ये इझ-कंपोझिंग (शब्द अजून बनतोय का ते सांगणारं) तपासा, ते खरं असेल तर गप्प बसा.

टेस्ट कशाकशाची

स्टोरीबुकमधली प्रत्येक स्टोरी हीच एक टेस्ट केस असं धरून चालायचं, म्हणजे दुप्पट लिहायला लागत नाही. बटनाच्या स्टोऱ्या किती? प्रत्येक व्हेरियंट, लोडिंग, डिसेबल, आयकॉनसकट, नुसता आयकॉन, खूप लांब मजकूर, मराठी, आणि अरुंद डब्यात कोंबलेलं. एवढं पुरे.

वागणं तपासायला व्हीटेस्ट आणि टेस्टिंग लायब्ररी. घटक शोधताना क्लासच्या नावाने किंवा टेस्ट आयडीने शोधू नका, रोलने आणि नावाने शोधा, म्हणजे "ज्याचं नाव जतन करा आहे असं बटन". यात फायदा असा की नुसत्या आयकॉनच्या बटनाला लेबल द्यायला विसरलात तर टेस्टला ते सापडतच नाही, आणि टेस्टला सापडत नाही म्हणजे स्क्रीन रीडरवाल्या माणसालाही ते नुसतं "बटन" म्हणूनच ऐकू येणार. क्लिक करायला फायर इव्हेंटऐवजी युजर इव्हेंट घ्या, तो माऊस नेणं, दाबणं, फोकस हलणं, सोडणं हे सगळं क्रमाने करतो. आवृत्ती १४ पासून त्याच्या सगळ्या क्रिया असिंक आहेत, अवेट विसरलात तर टेस्ट कधी पास कधी फेल असं सुरू होतं आणि लोक सीआयला शिव्या घालतात.

स्नॅपशॉट टेस्ट आम्ही सगळ्या उडवल्या. एचटीएमएलचा अडीचशे ओळींचा स्नॅपशॉट बदलला की कोण वाचतं हो, सगळे अपडेटची कमांड मारतात आणि पुढे जातात.

मोडलची टेस्ट जेएसडॉममध्ये (ब्राउझरची नुसती नक्कल) करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जेएसडॉमला लेआउटच कळत नाही, सगळ्याची रुंदी उंची शून्य, आणि आम्ही ज्या व्हर्जनवर होतो त्यात डायलॉग एलिमेंटचं शो मोडल नव्हतंच, ते खोटं बनवायचं आणि मग त्या खोट्याचीच टेस्ट करायची, काय अर्थ आहे. मोडल, सिलेक्ट, टूलटिप हे खऱ्या ब्राउझरमध्ये प्लेराइटने (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) तपासा. तपासायचं काय तर उघडल्यावर फोकस आत गेला का, टॅब मारत राहिलं तर मागच्या पानातल्या लिंकवर तर जात नाही ना, एस्केपने बंद होतं का, आणि बंद झाल्यावर ज्या बटनाने उघडलं त्याच्यावरच फोकस परत आला का. हा शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात, आणि सोपं आहे, खरा डायलॉग एलिमेंट वापरला तर हे बरंचसं फुकट मिळतं.

ॲक्स या टूलची ॲक्सेसिबिलिटी तपासणी सगळ्या स्टोऱ्यांवर लावून टाका, लेबल नसणं, कॉन्ट्रास्ट, चुकीचे एरिया ॲट्रिब्यूट हे ती पकडते. पण ती हिरवी झाली म्हणजे काम झालं असं नाही, लेबल आहे एवढंच तिला कळतं, लेबलमध्ये "बटन १" लिहिलंय हे नाही कळत. महिन्यातून एकदा माऊस बाजूला ठेवून सगळं स्टोरीबुक कीबोर्डवर फिरून या.

स्क्रीनशॉटची तुलना करायची असेल तर ती एकाच जागी करा. मॅकवर काढलेला स्क्रीनशॉट आणि लिनक्सवरचा सीआय यांचे फॉन्ट वेगळे उमटतात, प्लेराइट म्हणूनच फाइलच्या नावात प्लॅटफॉर्म घालतं. आम्ही सगळे स्क्रीनशॉट फक्त डॉकरच्या कंटेनरमध्येच काढतो, कोणाच्याही लॅपटॉपवर नाही. त्या कंटेनरमध्ये आपला मराठी फॉन्ट नसतो, जो सापडेल त्यात मराठी उमटतं, त्यामुळे फॉन्ट स्टोरीबुकसोबतच वेबफॉन्ट म्हणून द्या, आम्ही मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्यांचा "मुक्त" नावाचा फॉन्ट घेतला, आणि फॉन्ट लोड होईपर्यंत थांबूनच फोटो काढा. ॲनिमेशन बंद, तारखा गोठवलेल्या. एवढं केल्यावर खोटे अलार्म जवळपास थांबले.

पॅकेजची पण टेस्ट लागते

लायब्ररीच्या रेपोत सगळं हिरवं आणि ॲपमध्ये टाकलं की कोरं पान, हे आमच्याकडे पहिल्याच रिलीजला झालं. डिस्ट फोल्डर गिटइग्नोरमध्ये होता, पॅकेज डॉट जेसनमध्ये फाइल्सची यादी दिलेली नव्हती, तेव्हा एनपीएम गिटइग्नोरचंच ऐकतं, आणि आम्ही रीडमी आणि सोर्सचं पॅकेज पब्लिश करून मोकळे झालो. आता दर रिलीजआधी सीआय एनपीएम पॅक करतं, जी टीजीझेड फाइल येते ती एका रिकाम्या ॲपमध्ये इन्स्टॉल करतं, एक बटन आणि एक मोडल पानावर टाकून प्रॉडक्शन बिल्ड करतं आणि प्लेराइटने बटनाचा रंग आणि मोडल उघडणं तपासतं. रंग मुद्दाम, कारण ट्री शेकिंगसाठी (न वापरलेला कोड गाळणं) साइड इफेक्ट्स फॉल्स लिहिलं आणि सीएसएस फाइलला अपवाद दिला नाही तर वेबपॅक सीएसएसचा इम्पोर्ट बिनधास्त गाळून टाकतो. नेक्स्ट (रिॲक्टवरचं फ्रेमवर्क) वापरणारं ॲप असेल तर "यूज क्लायंट"ची ओळ, म्हणजे हा कोड ब्राउझरमध्येही लागतो असं सांगणारी, बिल्डनंतर शिल्लक आहे का तेही बघा, रोलअप बंडल करताना ती काढून टाकतो.

व्हर्जनचं म्हणाल तर चेंजसेट्स हे टूल लावा, प्रत्येक पीआरसोबत (कोडबदलाची विनंती) दोन ओळी लिहायच्या, काय बदललं आणि मेजर, मायनर की पॅच. प्रॉपचं नाव बदललं तर मेजर हे सगळ्यांना कळतं, पण आम्ही अजून एक नियम केला, रंग बदलला तर मायनर आणि आकार बदलला तर मेजर, कारण चार पिक्सेलने उंच झालेलं बटन कुणाच्या तरी टूलबारमधून बाहेर येतंच. जुना प्रॉप लगेच उडवायचा नाही, एक पूर्ण मेजर व्हर्जन तो चालू ठेवायचा आणि डेव्हलपमेंटमध्ये कन्सोलवर सांगायचं की आता हा वापर.

आणि लायब्ररी पब्लिश झाली म्हणून जुनी बटनं आपोआप जात नाहीत. प्रत्येक ॲपमध्ये ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या टूलचा नो रिस्ट्रिक्टेड इम्पोर्ट्स नियम लावा, जुन्या बटनाची फाइल नव्याने कोणी इम्पोर्ट केली की एरर, जे आधीचे आहेत त्यांना तात्पुरती सूट, आणि सूट किती उरल्या ते दर सोमवारी मोजायचं. आमच्या अकरापैकी नऊ गेली. दहावं पुढच्या महिन्यात जाईल, आणि अकरावं पावती छापायच्या पानावर आहे, तो कोड लिहिणारा केव्हाच सोडून गेला आणि त्या पानाला हात लावायला कोणी तयार नाही.